नखांवरचा पक्का रंग

माळेगावच्या यात्रेतून बांगड्यांसोबत आणलेली नेलपॉलिश भांडी घासता घासता चार दिवसांत उडते. म्हणून लग्नसराईत आता जेल पॉलिशची हौस आली. ती अतिनील किरणांच्या दिव्याखाली कडक होते, दोनेक आठवडे टिकते.

नखाला खरा त्रास होतो तो ती काढताना. कडा सुटली की आपण ओरबाडतो. त्याबरोबर नखाचे पापुद्रे निघतात. हाताचं नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढतं. पूर्ण नवं नख यायला सहा महिने लागतात! त्यापेक्षा ॲसिटोनचा कापूस दहा-पंधरा मिनिटं ठेवून पॉलिश सैल करावी, नंतर खोबरेल तेल चोळावं. ॲसिटोन पेट घेतं, म्हणून चुलीपासून, गॅसपासून लांब बसावं. कातडीला खाज, पुरळ आली तर जेल पुन्हा लावू नये, डॉक्टरांना दाखवावं.

पाल्याची मेंदी नखात मुरते, नखाबरोबर वाढत पुढे सरकते. खरवडायची गरजच नाही.

आणि बाळंतपणाला किंवा ऑपरेशनला जाताना बोटं रंगाविना असू द्या. रक्तातला ऑक्सिजन मोजायची चिमटी बोटालाच लावतात. गडद रंगानं आकडा चुकू शकतो. हौस करूया, पण जीव सांभाळून.