कायमचा पत्ता

रद्दीवाल्याच्या दुकानात पलटणींचा इतिहास एका ढिगात असतो, देशांतराची पुस्तकं दुसऱ्यात. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल समाजाचा शोध मात्र दोन्ही ढिगांत घ्यावा लागतो.

घरात मराठी बोलणारे हे ज्यू तेलाचा घाणा चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पुढे कित्येकजण कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत शिरले. त्यांतले सॅम्युएल दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत सिनेगॉग उभारलं. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथल्या धर्मपीठानं लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका काढली! आंदोलन झालं, तेव्हा कुठे १९६४ साली त्यांची बरोबरी मान्य झाली.

अशा वेळी ‘आम्ही कोण’ हे लिहून ठेवलेलं असावं लागतं. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ सालीच लिहिला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. शर्ली इझेनबर्ग यांचा ग्रंथ १९८८ चा. जुन्या बाजारात यांतलं काही हाती लागलं, तर घासाघीस न करता घ्यावं.

बँकेत असताना अर्जावरचा ‘कायमचा पत्ता’ हा रकाना मी रोज तपासत असे. निवृत्तीनंतर आपट्याला राहायला आलो, तेव्हा कळलं की या समाजात आपटेकरही आहेत. पलटण बदलली, देश बदलला. पत्ता आडनावात राहिला.