विश्लेषण : पैशाचा हिशेब शिकवणारी माणसे घरातच कशी घडतात?

माकणी ते म्हसवड : डब्यातली बचत, बोटांवरचे व्याज आणि त्यातून तयार झालेल्या 'अर्थशिक्षिका'

बँक खाते जवळपास घरोघरी पोहोचले, मोबाइलवरून पैसे पाठवणेही सवयीचे झाले. तरीही राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९च्या सर्वेक्षणानुसार देशातील केवळ २७ टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर होते. मग गावागावांत इतरांना बचत, व्याज, विमा समजावून सांगणारी माणसे येतात कुठून? त्यांच्या घडणीत घराचा वाटा किती?

माकणी परिसरात हा प्रश्न महत्त्वाचा का?

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्यातले माकणी हे गाव तेरणा नदीवरील निम्न तेरणा प्रकल्पामुळे ओळखले जाते. धरण उशाला असले तरी या पट्ट्यातील बहुतेक घरांचा संसार सोयाबीन, तूर, हरभरा आणि पाणी पोहोचते तिथे उसावर चालतो. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास एकदाच हाती येतो, खर्च मात्र बारा महिने सुरू असतो. बियाणे, फी, दवाखाना, लग्नकार्य यासाठी मधल्या काळात हातउसने, उचल किंवा सावकार हेच पर्याय उरतात. अशा घरातील मूल 'आर्थिक साक्षरता' हा शब्द ऐकण्याच्या कितीतरी आधी आई पिठाच्या डब्यात पैसे कसे जपते आणि वडील आडत दुकानात कोणत्या आवाजात बोलतात, हे पाहत असते.

अभ्यासक काय सांगतात?

पैशाविषयीच्या सवयी घरातून मुलांपर्यंत पोहोचण्याच्या प्रक्रियेला अभ्यासक 'आर्थिक सामाजिकीकरण' म्हणतात. ब्रिटनच्या 'मनी अॅडव्हाइस सर्व्हिस'साठी केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड व्हाइटब्रेड आणि सू बिंगहॅम यांनी २०१३ मध्ये केलेल्या मांडणीनुसार, पुढे पैशाच्या व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या अनेक सवयी सातव्या वर्षापर्यंतच आकार घेतात. थांबणे, आधीच ठरवणे, आजची इच्छा उद्यावर ढकलणे या त्या सवयी. त्या उपदेशाने कमी आणि निरीक्षणाने जास्त येतात.

भूकंपाने काय बदलले?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील हजारो जीव घेतले. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात घरदुरुस्तीची रक्कम टप्प्याटप्प्याने मिळू लागली. सिमेंट किती लागले, पुढचा हप्ता कधी, कोणते काम झाल्यावर, असे प्रश्न घरातल्या बायकांसमोर आले.

याच काळात प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने 'स्वयं शिक्षण प्रयोग'ने गावातील महिलांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले. योजना समजून घ्यायची आणि शेजारणीला समजावून सांगायची, हे त्यांचे काम. घरे बांधून झाली, पण शिकवण्याची सवय सुटली नाही. पुढे तीच ताकद बचत गटांत उतरली.

घर आणि शिकवणे यांचा धागा कुठे दिसतो?

तुळजापूर तालुक्यातील गंधोरा येथील गोदावरी डांगे हे याचे जिल्ह्यातले ठळक उदाहरण. लहान वयात लग्न, त्यानंतर अपघातात पतीचे निधन, मग माहेरी परतणे आणि बचत गटात प्रवेश. पुढे त्यांनी मराठवाड्यातील असंख्य महिलांना बचत, गटाचे व्यवहार आणि कमी खर्चाची शेती शिकवली. त्यांची वाट सुबत्तेच्या घरातून निघालेली नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पैशाची चणचण सोसलेले माणूस समोरच्याची अडचण लवकर ओळखते. 'तुम्हाला समजणार नाही' हे वाक्य ते सहसा उच्चारत नाही.

दुसरा दाखला साताऱ्यातील म्हसवडचा. चेतना सिन्हा यांनी महिलांच्या सहकारी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक सभासदांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. महिलांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन सांगितले की, कोणत्याही मुद्दलाचे व्याज सांगा, आम्ही तोंडी काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनीही कॅल्क्युलेटरशिवाय काढावे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हे तोंडी गणित त्या कोणत्याही वर्गात शिकल्या नव्हत्या. बाजार, मजुरी आणि घरखर्च यातून ते अंगवळणी पडले होते.

'शेकडा तीन' म्हणजे नेमके किती?

गावात व्याज 'शेकड्या'त बोलले जाते आणि ते दरमहा असते, बँकेचा दर मात्र वार्षिक. हा फरक घरात कुणी सांगितला नाही तर मोठा फटका बसतो. वीस हजार रुपये शेकडा तीनने घेतले तर महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये व्याज, म्हणजे वार्षिक ३६ टक्के. हीच रक्कम सात टक्के दराच्या पीककर्जाची असेल तर वर्षाचे व्याज १,४०० रुपये.

बचत गटाच्या अंतर्गत कर्जावरही अनेकदा शेकडा दोन आकारले जातात, म्हणजे वर्षाला २४ टक्के. फरक इतकाच की, ते व्याज गटाच्याच तिजोरीत राहते. सावकारीसाठी राज्यात २०१४चा कायदा आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वार्षिक ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांपर्यंतच व्याज घेण्याची मुभा देण्यात आली. शेकडा तीन त्याच्या कितीतरी पुढे जाते.

घरातले सगळेच संस्कार उपयोगी असतात का?

नाही. 'कर्ज म्हणजे पाप' ही शिकवण माणसाला उधळपट्टीपासून वाचवते, पण हक्काच्या पीककर्जापासूनही दूर ठेवते. 'सोने हीच खरी ठेव' या समजुतीमुळे आरोग्य विमा मागे राहतो. सर्वांत महाग पडतो तो 'पैशाचे बायकांना काय सांगायचे' हा संस्कार. घरातला कर्ता माणूस अचानक गेला तर कोणाचे किती देणे आहे, पासबुक कुठे आहे, विमा होता की नाही, हेच कुणाला ठाऊक नसते. दुखवट्याच्या दिवसांतच देणेकरी दारात उभे राहतात. अशा घरातून सावरलेली मुलगी किंवा सून पुढे गटात हिशेब शिकवू लागते, तेव्हा तिच्यासाठी ते केवळ मानधनाचे काम उरत नाही.

घराने सुरुवात कुठून करावी?

आठवडी बाजाराचा हिशेब मुलांकडून लिहून घ्यावा. कर्ज घेताना दर महिन्याचा की वर्षाचा, हे त्यांच्यासमोर विचारावे. पासबुक, विम्याचे कागद आणि देण्या-घेण्याची यादी घरातल्या किमान दोघांना माहीत असावी. मोबाइलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हेही त्याच यादीत बसते.

'उमेद' अभियानाच्या गटांत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री पाळली जाते. आईला गटाची वही लिहिताना मुलांनी शेजारी बसून पाहिले, तर ही सूत्रे त्यांना वेगळी पाठ करावी लागणार नाहीत.