लेखांक 14 : पाकोळी की भिंगरी?

सारसांबद्दल लिहायचे कबूल केले होते, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. देवरीच्या एका वाचकाचे पत्र आले आणि त्यातला प्रश्न इतका माझ्या जिव्हाळ्याचा निघाला की आजची जागा त्यालाच. ते लिहितात, 'माघ पौर्णिमेच्या यात्रेला कचारगडला गेलो होतो. गुहेच्या तोंडाशी काळपट पाकोळ्या सारख्या घिरट्या घालत होत्या. शंभरेक फोटो काढले, एकही धड आला नाही. या कोणत्या पाकोळ्या?'

या पाकोळ्या नव्हेत. हवेत भिरभिरेल त्याला पाकोळी म्हणायची आपली सवय. खरी पाकोळी म्हणजे स्विफ्ट. तिचे पंख विळ्यासारखे, पायाची चारही बोटे पुढे वळलेली. त्यामुळे ती खडकाला लटकते, पण तारेवर किंवा फांदीवर तिला बसता येत नाही. भिंगरी, म्हणजे स्वॅलो, मात्र बसते. पत्रासोबतच्या एका फोटोत पक्षी कपारीच्या कडेला चक्क टेकला आहे. दुसऱ्यात शेपूट फाकली आहे आणि तिच्यात पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसते. पोट पाठीइतकेच काळपट. ही डस्की क्रॅग मार्टिन. माझ्या वहीत तिचे नाव 'कडाभिंगरी'.

तिचे घरटे पाहण्यासारखे असते. चोचीतून ओल्या चिखलाची एकेक गोळी आणायची, कपारीच्या छताखाली चिकटवायची, मग पुढची. वाटी पुरी झाल्यावरही गोळ्या वेगवेगळ्या मोजता येतात. आत पिसांचे अस्तर. पुढच्या हंगामात तीच वाटी डागडुजी करून वापरते.

एका वर्षी अशाच एका कड्याखाली मी कॅमेरा रोखून घरट्याच्या अगदी समोर उभा राहिलो. भिंगरी चोचीत चिखल घेऊन आली, वळली, पुन्हा आली, पुन्हा वळली. पाचव्या फेरीला माझ्या ध्यानात आले की अडथळा मीच आहे. वीसेक पावले मागे सरून झाडाआड बसलो. दोन मिनिटांत ती घरट्यावर. तेव्हापासून घरट्याचा फोटो मी काढत नाही आणि गुहेत फ्लॅश लावत नाही.

मग उडणारी भिंगरी कशी टिपायची? आधी अर्धा तास नुसते बघा. भिंगरी कड्यालगत ठरावीक वाटेने पुन्हापुन्हा फेऱ्या मारते. ती वाट डोळ्यात बसली की तेवढ्याच अंतरावर फोकस धरा, शटर 1/2000 च्या पुढे ठेवा आणि तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत न्या. उजेड पाठीशी हवा.

यात्रेच्या गर्दीत हे जमणार नाही. एरवी दरेकसा स्थानकावर उतरून धनेगावमार्गे सकाळी लवकर चढा. गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान आहे, तिथे आवाज खालचाच असावा. कली कंकाली या मातेच्या कोंडलेल्या लेकरांना गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो याने इथूनच सोडवले, अशी कथा आहे. त्याच लिंगोने घालून दिलेल्या कुळव्यवस्थेत प्रत्येक कुळाने एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड राखायचे, असे सांगतात. 750 कुळांची ही वाटणी मनात धरून कडा चढलात, तर घरट्यापासून वीस पावले मागे बसणे जड जाणार नाही.

पुढच्या आठवड्यात परसवाडा तलावावरचे सारस, नक्की.