पागोळीचे पाणी
(पर्यावरणस्नेही घर : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचा विचार केला. आज पाण्याकडे वळू. मंडणगड तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत काही वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण पायाखालीच आहे. जांभा सच्छिद्र दगड. पावसाचे पाणी तो भराभर पितो, श्रावणात विहिरी काठोकाठ भरतात. पण तेच पाणी झऱ्यांतून, पऱ्यांतून कुठे भारजेला तर कुठे सावित्रीला मिळून केळशीच्या आणि बाणकोटच्या खाडीत जाते. शिमगा सरला की विहिरीचा तळ दिसू लागतो. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा कमी पावसाच्या मुलखात मोलाची ठरली. आपल्या सड्यांवर मात्र जिरलेले पाणी उन्हाळ्यापर्यंत थांबत नाही. म्हणून कोकणातल्या घराने जिरवण्याआधी साठवायला शिकले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हिशेब अगदी सोपा आहे. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर पावसाळाभरात साधारण एक लाख चाळीस हजार लिटर पाणी पडते. पहिल्या सरींचे छप्पर धुणारे पाणी सोडून दिले, काही उडून-सांडून गेले, तरी लाखभर लिटर हाती उरते. पाच माणसांच्या घरात पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी आठ लिटर धरले तर दिवसाला चाळीस लिटर लागतात. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे नव्वद दिवस म्हणजे तीन हजार सहाशे लिटर. पाच हजार लिटरची बंदिस्त टाकी त्याला पुरून उरते आणि आषाढातल्या जोराच्या पावसात ती एखाद-दोन दिवसांत भरते. लागते ती पन्हळ, गाळणीचे कापड आणि अंगणात टाकीपुरती जागा. एवढे असूनही आपण पागोळ्या अंगणात पडू देतो आणि वैशाखात डोक्यावर हंडा घेऊन चढण चढतो. तो हंडा बहुतेक घरांत बाईच्याच डोक्यावर असतो, हेही विसरता कामा नये.

यावर कुणी म्हणेल, आता जलजीवन मिशनचा नळ दारात आला, मग टाकी कशाला? पण नळ पाणी आणून देतो, निर्माण करत नाही. ज्या विहिरीवर योजना उभी आहे तीच आटली तर तोटीतून काय येणार? शिवाय ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात विजेचे खांब आडवे झाले तेव्हा पंप बंद पडले आणि पाणी असूनही घरापर्यंत पोहोचेना. महिनोन्‌महिने साठवलेले पाणी खराब होईल, ही शंका रास्त आहे. मात्र पाणी बिघडते ते उजेड, कचरा आणि डास आत शिरल्याने. झाकण घट्ट, तोंडाला बारीक जाळी आणि पिण्याआधी उकळणे, एवढे पाळले तर ते टिकते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवरचे पाणी मात्र पिण्यासाठी घेऊ नये. ते गुरांच्या गोठ्याला आणि धुण्याला वापरावे. खर्चाचा आक्षेप सर्वांत खरा आहे. पाच हजारांची टाकी एकदम झेपत नसेल तर हजार लिटरने सुरुवात करावी. पंचवीस दिवसांचे पिण्याचे पाणी हीसुद्धा मे महिन्यात लहान गोष्ट नाही.

साठवलेले पाणी सांडपाण्याच्या वाटेने वाया जाऊ नये, हा याच सवयीचा दुसरा भाग. न्हाणीचे पाणी अळवाला आणि केळीला सोडण्याची जुनी रीत घरात बाथरूम आले तशी मागे पडली. साबणाने झाडे मरतात असे म्हणून ती सोडण्याचे कारण नाही. धुण्याच्या पावडरीतला सोडा मातीला त्रास देतो हे खरे, पण अंघोळीचे आणि भांडी विसळल्याचे पाणी रोज वाफा बदलून केळीला, माडाला खुशाल द्यावे. कच्च्या खायच्या भाज्यांना तेवढे देऊ नये.

मृग जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर लागतो. त्याआधी आपल्या छपराची लांबी-रुंदी एकदा मोजून पाहा आणि आगोटीच्या सामानाच्या यादीत पन्हळ लिहून ठेवा.