मुळांवरच्या गाठी आणि अंगावरचे फोड

मुलांनो, आपल्या मॉरिशसमध्ये उसाच्या ओळींमधल्या जागेत भुईमूग लावतात. शेंगांसाठी उपटलेले भुईमुगाचे रोप नीट पाहा. त्याच्या मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. हा रोग नव्हे! त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. हवेतील नायट्रोजन घेऊन ते रोपासाठी खत तयार करतात. त्याबदली रोप त्यांना साखर देते. १८८८ साली बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जिवाणू गाठींतून वेगळे काढले. ताजी गाठ कापून पाहा. आत गुलाबी रंग दिसला, तर जिवाणूंचे काम चालू आहे असे समजा.

आपल्या त्वचेवरही जिवाणू असतात. एरवी ते त्रास देत नाहीत. पण केसाच्या मुळाशी किंवा जखमेत काही जिवाणू शिरले, की तेथे वाढू लागतात. मग रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांच्याशी लढतात. ती जागा लाल होते, सुजते, तिच्यात पू होतो. हाच फोड. फोड दाबू नका, नाहीतर जिवाणू आत पसरतील. हात साबणाने धुवा. फोड वाढला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा.

मुळावरची गाठ मैत्रीची, अंगावरचा फोड लढाईचा!

सांगा पाहू :
१. रोप जिवाणूंना काय देते?
२. फोड का दाबू नये?