दोन फाइलींमधला खंड

बेथोव्हेनची पांचवी सिंफनी १८०८ सालीं व्हिएन्ना येथें प्रथम वाजविली गेली. तिचा तिसरा भाग संपून चौथा सुरू होतो, तो मध्यें कोठेंही न थांबतां. तंतुवाद्यें अगदीं हलक्या आवाजांत स्वर धरून राहतात, नगाऱ्यावर मंद ठोके पडत असतात, आणि तो नाद वाढत वाढत जाऊन एकाएकीं सबंध वाद्यवृंदाच्या घोषांत मिसळतो. रचनाकारानें येथें विसाव्याला जागाच ठेवलेली नाहीं. परंतु हीच सिंफनी संगणकावर किंवा मोबाईलवर लावली असतां पुष्कळदां नेमक्या त्याच सांध्यावर आवाज तुटतो, क्षणभर पोकळी पडते, व मग पुढील भाग सुरू होतो. वादक थांबलेले नसतात. थांबतें तें यंत्र. हा खंड येतो कोठून आणि तो टाळतां येतो काय, याचा विचार येथें करावयाचा आहे.

ही अडचण तशी जुनीच आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर फार तर चार-साडेचार मिनिटांचें संगीत मावत असे. १९१३ सालीं आर्थर निकिश यांनीं बर्लिन फिलहार्मोनिककडून हीच सिंफनी वाजवून घेऊन मुद्रित केली, तेव्हां ती अनेक बाजूंवर वांटावी लागली. १९४८ सालीं लाँगप्ले तबकडी आली आणि १९८२ सालीं कॉम्पॅक्ट डिस्क बाजारांत आली. सीडीवर भागांना क्रमांक असतात खरे, पण ते पुस्तकांतील प्रकरणांच्या खुणांसारखे. ध्वनि मात्र एका सलग पट्टीवर लिहिलेला असतो. म्हणजे प्रश्न जवळजवळ सुटला होता. सीडीवरील प्रत्येक भागाची निराळी फाईल होऊं लागली, तेव्हां तो पुन्हां उभा राहिला.

सीडीवर एका सेकंदांत ध्वनीचे ४४,१०० नमुने घेतलेले असतात. एमपीथ्री पद्धतींत हे नमुने सुटे साठविले जात नाहींत; ते १,१५२ च्या गठ्ठ्यांनीं बांधले जातात. पांच मिनिटांच्या भागांत १,३२,३०,००० नमुने होतात. त्यांचे ११,४८४ पूर्ण गठ्ठे बांधल्यावर ४३२ नमुने उरतात. अर्धा गठ्ठा बांधण्याची सोय नसल्यामुळें शेवटचा गठ्ठा भरून काढण्यासाठीं ७२० शून्यें, म्हणजे निव्वळ शांतता, घालावी लागते. ही झाली शेपटीची भर.

दुसरी भर आरंभींची. एमपीथ्रींतील गठ्ठे मंगलोरी कौलांप्रमाणें एकमेकांवर कांहीं अंशीं चढविलेले असतात. एकाचा ध्वनि पुरा होण्यास शेजारच्याची मदत लागते. पहिल्या कौलाच्या मागें कौल नसतें, म्हणून तेथें रिकामी जागा सोडावी लागते. लेम या प्रसिद्ध संक्षेपकांत ही जागा सामान्यतः ५७६ नमुन्यांची असते, आणि फाईल उलगडतांना आणखी ५२९ नमुन्यांचा विलंब लागतो. दोहोंची बेरीज १,१०५, म्हणजे सेकंदाचा सुमारें चाळिसावा भाग. शेपटीची भर तींत मिळविली कीं सांध्यावर सेकंदाच्या विसाव्या भागापर्यंतही पोकळी सहज पडते.

एवढ्यानें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. द्रुत त्रितालांत मिनिटाला २४० मात्रा चालल्या असतां एक मात्रा पाव सेकंदाची होते. सेकंदाचा विसावा भाग म्हणजे त्या मात्रेचा पांचवा हिस्सा. मैफलीच्या मुद्रणांत नेमका तेथें सांधा आला, तर तबलजी चुकला नसतांही ताल अडखळल्यासारखा वाटतो.

यावर उपाय सरळ आहे. आरंभीं व शेवटीं किती नमुने भरतीचे आहेत याची नोंद फाइलींतच ठेवावी, आणि वाजविणाऱ्यानें तितके वगळावे. मूळ एमपीथ्री पद्धतींत अशा नोंदीला जागा नव्हती. लेमनें ती फाइलीच्या आरंभीं एका खुणेच्या रूपानें करून दिली. ए.ए.सी. पद्धतींतील गठ्ठा १,०२४ नमुन्यांचा असतो, व तेथेंही हाच उपाय करावा लागतो. ऑग व्हॉर्बिस व ओपस यांच्या रचनेंतच नेमकी लांबी कळण्याची सोय आहे. फ्लॅकमध्यें तर ध्वनीचा एकही नमुना वाढत नाहीं वा गळत नाहीं.

तथापि फाईल निर्दोष असली तरी अर्धेंच काम झालें. पहिली फाईल संपल्यावर दुसरी उघडावयास घेणारा प्लेअर सांध्यावर खंड पाडणारच. पहिली वाजत असतांनाच दुसरी उलगडून तयार ठेवली पाहिजे, व ध्वनीचा मार्ग मध्यें बंद होतां कामा नये. ॲपलच्या आयपॉडमध्यें ही सोय २००६ सालीं आली. अँड्रॉइडनें पुढील फाईल आधींच जोडून ठेवण्याची व्यवस्था २०१२ सालीं दिली. एक फाईल ४४,१०० नमुन्यांची व दुसरी ४८,००० ची असली, तर मात्र चांगल्या यंत्रालाही आपली चाल बदलण्यासाठीं क्षणभर थांबावें लागण्याचा संभव असतो.

कित्येक प्लेअरांत ‘क्रॉसफेड’ नांवाची सोय असते. तिला अखंड वादन समजूं नये. ती पहिल्या भागाचा शेवट मावळवून त्यावर दुसऱ्याचा आरंभ चढविते. पोकळी झांकली जाते, पण मूळांत नसलेलें मिश्रण ऐकूं येतें. सिंफनी किंवा मैफल ऐकतांना ती बंदच ठेवावी.

ज्या घरांत जुन्या सीडींचा संग्रह फाइलींत उतरविण्याचें काम चाललें आहे, तेथें हा विचार आधींच व्हावयास हवा. सलग मैफल असेल तर सबंध सीडीची एकच फ्लॅक फाईल करावी व भागांच्या आरंभाच्या वेळा सोबतच्या लहानशा ‘क्यू’ फाइलींत नोंदवाव्या. प्रवासासाठीं लागतील तितक्या एमपीथ्री तिच्यापासून केव्हांही काढतां येतात. एमपीथ्रींतून गळलेला ध्वनि मात्र परत मिळत नाहीं. भाग निराळेच हवे असतील तर टाळ्यांचा गजर एका भागांतून दुसऱ्यांत जातो असा सांधा निवडावा, कानाला हेडफोन लावून तो दोनतीनदां ऐकावा, आणि गजर कोठेंही तुटत नाहीं अशी खात्री पटल्यावरच मूळ सीडी माळ्यावर ठेवावी.