एक कंबर, दहा एमआरआय

न्यूयॉर्कच्या परिसरात एका ६३ वर्षांच्या बाईंना तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांवर पाठवलं गेलं. बाई एक, कंबर एक, एमआरआय दहा. दहा रिपोर्टांत मिळून दोष निघाले ४९, आणि दहाही जणांचं एकमत झालं असा त्यांत एकही नव्हता. साधारण तिसरा हिस्सा दोष तर असे, की ते एकाला दिसले आणि उरलेल्या नऊ जणांना दिसलेच नाहीत. हा अभ्यास २०१७मध्ये छापून आला. ‘सेकंड ओपिनियन घ्या’ म्हणणाऱ्यांनी पुढची आठ कुणाकडून घ्यायची तेही सांगून ठेवावं.

कंबरदुखी ही जगातली सगळ्यात लोकशाहीवादी व्याधी असावी. २०२० साली जगभरात तब्बल ६१.९ कोटी लोक तिने बेजार होते, असा अंदाज आहे. इतक्या गिऱ्हाइकांच्या दुखण्यावर संशोधनही ढीगभर होणारच. गंमत अशी की त्या ढिगातून घरोघरच्या शहाणपणाला सुरुंगच जास्त लागलेत.

दुखत नाही, पण रिपोर्ट बिघडलेला

१९९४ साली अमेरिकेत ९८ जणांचे एमआरआय काढले. अट एकच, पाठ अजिबात दुखत नसावी. तरी ५२ टक्के लोकांची मणक्यांमधली किमान एक गादी (डिस्क) फुगलेली निघाली. सगळ्या गाद्या व्यवस्थित असलेले भरले जेमतेम ३६ टक्के. पुढे २०१५मध्ये अशा ३,११० बिनदुखण्याच्या लोकांचे अभ्यास एकत्र केले, तर विशीतल्यांपैकी ३७ टक्के आणि ऐंशीतल्यांपैकी ९६ टक्के लोकांच्या गाद्यांची झीज दिसली. म्हणजे ऐंशीच्या आजोबांच्या रिपोर्टात झीज नसेल, तर ती खरी बातमी.

आपल्याकडे ‘मणक्यात गॅप आहे’ एवढं कानावर पडलं की माणूस वाकायचं सोडतो. हे फक्त मनाचे खेळ आहेत की दुखणं खरंच वाढतं? कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. काही रुग्णांना एमआरआयचा रिपोर्ट जसाच्या तसा, सगळ्या शब्दांसकट समजावला. इतरांना सांगितलं, काळजीचं काही नाही, हे वयानुसार होणारे बदल आहेत. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचा आपल्या पाठीवरचा विश्वास खचलेला होता आणि त्यांचं दुखणंही इतरांपेक्षा जास्त होतं. रिपोर्टाची भाषा हेही एक औषध आहे, आणि त्याचे दुष्परिणाम पाकिटावर छापलेले नसतात.

मोठी गादी, मोठा दिलासा

गादीचा तुकडा जितका मोठा बाहेर आलाय तितकं प्रकरण गंभीर, असं कुणालाही वाटेल. पण आपोआप आक्रसण्यात मोठे तुकडेच आघाडीवर असतात! २०१५च्या एका आढाव्यात नुसत्या फुगलेल्या गाद्यांपैकी १३ टक्केच आपणहून कमी झाल्या, आणि तुटून सुट्या पडलेल्या तुकड्यांपैकी ९६ टक्के. गादीचा गाभा जन्मापासून कोंडलेला असतो. तो बाहेर सांडला की शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला परका समजते आणि भक्षक पेशी त्याचा फडशा पाडतात. फुगलेली गादी मात्र कुंपणाच्या आतच असते, म्हणून वाचते.

चिठ्ठी एक, वागणं दुसरं

गादीच्या ऑपरेशनचा खरा इतिहास १९३४ साली बॉस्टनमध्ये सुरू झाला. मेंदू-मज्जारज्जूचे सर्जन विल्यम मिक्सटर आणि हाडांचे डॉक्टर जोसेफ बार यांनी दाखवून दिलं, की मणक्यांतून काढले जाणारे आणि कूर्चेच्या गाठी समजले जाणारे गोळे हे बहुतेक वेळा फुटलेल्या गादीचेच तुकडे असतात. मग काय, जिथेतिथे गादीच दोषी!

ऑपरेशन केलेले आणि न केलेले यांची नीट तुलना व्हायला मात्र अर्धशतक गेलं. ऑपरेशन कुणाचं करायचं आणि कुणाचं नाही, हे ठरवायला नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी १२६ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकल्या. १९८३मध्ये दहा वर्षांचा हिशेब आला. पहिल्या वर्षी ऑपरेशनवाले स्पष्ट पुढे, चौथ्या वर्षी अंतर घटलेलं, दहाव्या वर्षी दोघेही एकाच जागी.

मग आली अमेरिकेची ‘स्पोर्ट’ चाचणी. अकरा राज्यांतली तेरा केंद्रं, सूत्रधार डार्टमथचे जेम्स वाइनस्टीन. गादी सरकलेल्या ५०१ जणांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि मग माणसांनी माणसांसारखं वागायला सुरुवात केली. ‘ऑपरेशन’ अशी चिठ्ठी आलेल्यांपैकी निम्म्यांनीच तीन महिन्यांत ऑपरेशन करून घेतलं. बऱ्याच जणांना तोवर बरं वाटू लागलं असणार. उलट ‘ऑपरेशन नको’ची चिठ्ठी आलेल्यांपैकी ३० टक्के तीन महिन्यांत टेबलावर पोचले, कळ सोसवेना म्हणून. २००६मध्ये निकाल लागला तोही मजेदार. चिठ्ठीप्रमाणे मोजलं तर फरक किरकोळ, आणि प्रत्यक्षात कुणी काय केलं त्याप्रमाणे मोजलं तर ऑपरेशन सरस. दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचा आकडा उचलला आणि भांडण होतं तिथेच राहिलं.

माझ्या मते सगळ्यात उपयोगी उत्तर हॉलंडने दिलं, तेही लगेच २००७मध्ये. दीड ते तीन महिने सायटिकाने, म्हणजे पायात उतरणाऱ्या कळेने, हैराण झालेले २८३ रुग्ण घेतले. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन, बाकीच्यांना ‘थांबा, पाहू’. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन लागलंच. वर्ष संपताना दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक ‘बरे झालो’ म्हणत होते. फरक फक्त वेगाचा होता. लगेच ऑपरेशन झालेल्यांना बरं वाटायला साधारण चार आठवडे लागले, थांबलेल्यांना बारा. थोडक्यात, ऑपरेशनने दोन महिने विकत मिळतात. घरी बसून पगार चालू असेल त्याला हा सौदा महाग वाटेल, हातावर पोट असलेल्याला कदाचित स्वस्त.

हे सगळं पायात उतरणाऱ्या कळेबद्दल. नुसती जुनी कंबरदुखी असेल तर मणके जोडण्याच्या ऑपरेशनची बाजू लंगडी पडते. नॉर्वेतल्याच दुसऱ्या एका चाचणीत व्यायाम आणि समुपदेशनाने त्याच्याशी बरोबरी केली. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांवरच्या २००५च्या चाचणीतही कसून व्यायाम घेतलेले लोक फारसे मागे नव्हते.

एक गोष्ट मात्र गमतीत घेण्यासारखी नाही. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा पायातली ताकद जाऊ लागली, तर आकडेवारी वाचत बसू नये, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

सिमेंटचा नुसता वास

ठिसूळ होऊन मोडलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरतात. २००९ साली या उपचाराच्या दोन चाचण्या एकाच नियतकालिकात, एकाच अंकात आल्या. काही रुग्णांना खरं सिमेंट, तर काहींना फक्त नाटक. नाटक मात्र अव्वल दर्जाचं! पाठीवर सुई, मणक्यावर ठोकल्यासारखा दाब, आणि शेजारी सिमेंटचा डबा उघडून खोलीभर त्याचा उग्र वास. महिन्याने पाहिलं तर खऱ्या सिमेंटवाल्यांचं आणि वासावर भागवलेल्यांचं दुखणं सारखंच कमी झालेलं. वाद तिथे मिटला नाही. २०१६मध्ये सिडनीच्या एका चाचणीत, सहा आठवड्यांच्या आत मोडलेल्या मणक्यांमध्ये, सिमेंटने बाजी मारली.

राष्ट्राध्यक्षांची कंबर

जॉन केनेडींची पाठ म्हणजे चालताबोलता धडा. पहिलं ऑपरेशन १९४४ साली. दुसरं १९५४मध्ये न्यूयॉर्कला, मणके जोडून धातूची पट्टी बसवली. जंतुसंसर्ग झाला, ते कोमात गेले, पाद्र्याने अंत्यविधीची प्रार्थनाही म्हटली. १९५५मध्ये पट्टी काढून टाकली, १९५७मध्ये चौथ्यांदा चिरफाड. अखेर १९६१मध्ये व्हाइट हाउसात हान्स क्राउस नावाचे, मूळचे ऑस्ट्रियाचे, गिर्यारोहक डॉक्टर आले. त्यांनी राष्ट्राध्यक्षांना चक्क व्यायामाला लावलं, आणि चार ऑपरेशनांनी जे साधलं नव्हतं ते बरंचसं साधलं. कमरेला आधार देणारा पट्टा मात्र पूर्ण सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ला डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली तेव्हाही तो त्यांच्या अंगावर होता. पहिल्या गोळीनंतर या पट्ट्यानेच त्यांना ताठ बसवून ठेवलं आणि म्हणून दुसरी गोळी डोक्याला लागली, असं मांडणारे डॉक्टर आहेत.

झटपट आणखी काही

पट्ट्यावरून आठवलं. अमेरिकेत एका दुकानसाखळीच्या १६० दुकानांत माल उचलणाऱ्यांवर नजर ठेवली. पट्टा लावा किंवा लावू नका, पाठीच्या दुखापती सारख्याच.

कडक गादीवर झोपा? स्पेनमध्ये ३१३ जणांवर पाहिलं, मध्यम गादी जिंकली.

पडून राहा? हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांपैकी आपापली रोजची कामं चालू ठेवणारेच सगळ्यांत लवकर बरे झाले. पडून राहिलेले मागे राहिले, आणि व्यायाम दिलेलेही.

पॅरासिटामॉल? ऑस्ट्रेलियातले सोळाशेहून अधिक रुग्ण. नुसत्या साखरेच्या गोळ्या घेतलेले आणि औषध घेतलेले, दोघेही साधारण १७ दिवसांत बरे. लिस्बनमध्ये तर रुग्णांना तोंडावर सांगितलं, ‘या गोळीत औषध नाही’. त्यांनी ती घेतली आणि दुखणं तरी कमी झालं.

पावसाळी हवेत कंबर धरते? सिडनीच्या ९९३ रुग्णांच्या तारखा हवामान खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. काही संबंध लागला नाही. हे आपल्या आजीला सांगायची हिंमत संशोधकांमध्येही नसावी.

बोइंग कारखान्यातल्या ३,०२० कामगारांत पाठीची तक्रार कोण करेल, याचा अंदाज मणक्यांपेक्षा स्वभावावरून आणि नोकरीवरून बरा लागला. काम जवळपास कधीच न आवडणाऱ्यांमध्ये तक्रारीची शक्यता अडीच पट.

जर्मनीतल्या उल्ममध्ये एका हाडांच्या सर्जनने चक्क स्वतःच्या गादीत दाबमापक बसवून घेतला आणि त्याच अवस्थेत हसून, शिंकून, जिने चढून दाखवलं. १९९९च्या त्या नोंदींत आरामात रेलून बसताना गादीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा कमी निघाला. ‘ताठ बस’ म्हणणाऱ्या गुरुजींनी हा परिच्छेद वगळून पुढे जावं.

१९९४मध्ये अमेरिकेच्या एका सरकारी संस्थेने कंबरदुखीची मार्गदर्शिका काढली. ताज्या दुखण्यात एक्स-रेसारखे फोटो आणि ऑपरेशन यांची बहुतेकांना गरज नाही, असा तिचा सूर होता. चिडलेल्या मणका-सर्जनांनी थेट संसदेत धाव घेतली. संस्था बंद पडता पडता वाचली, पण तिचा निधी कापला गेला आणि मार्गदर्शिका काढायचं तिने सोडलं.

आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक मामला. पाठीला बाक आलेल्या माणसाला शिडीला उलटं बांधायचं, शिडी उंच उचलायची आणि दाणकन खाली सोडायची. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथात लिहिलंय की हा प्रकार मुख्यतः गर्दीला तोंडात बोटं घालायला लावणाऱ्या भोंदूंचा, आणि मला स्वतःला तो करायची लाज वाटते. त्यानंतर लगेच, ज्यांना तरीही करायचाच आहे त्यांच्यासाठी, शिडीला माणूस नीट कसा बांधावा याच्या तपशीलवार सूचना आहेत.